तक्रारीसाठी ओळखपरेड नको

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील माध्यमिक शाळांत फिरताना एक गोष्ट हमखास दिसते, ती म्हणजे तक्रारपेटी. शासनाने ती सक्तीची केली. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेला लैंगिक अत्याचार उघडकीला आल्यानंतर शाळांतील सुरक्षाव्यवस्थेची नव्याने झाडाझडती झाली, तेव्हा तिच्यावरची धूळही झटकली गेली आणि पाठोपाठ कॅमेरेही आले. त्यामुळे काही शाळांत मुख्याध्यापकांच्या कार्यालयाच्या दाराशी पेटी, तिच्या बरोबर वर कॅमेरा, समोरच्या बाकावर शिपाई आणि पेटीची किल्ली कार्यालयातल्याच टेबलाच्या खणात, अशी मांडणी झालेली आहे. मधल्या सुट्टीत तिच्यात चिठ्ठी टाकणारा मुलगा शाळा सुटेपर्यंत सगळ्यांना माहीत झालेला असतो. चोरीला गेलेल्या डब्याविषयी किंवा तुंबलेल्या मुतारीविषयी लिहायचे असेल, तर याने काही बिघडत नाही. मात्र जो मुलगा आपल्याला मुलगेच आवडतात हे स्वतःशीसुद्धा धडपणे बोललेला नाही आणि ज्याला वर्गातले चौघे रोज त्याच कारणावरून छळतात, त्याने त्या पेटीत नेमके काय लिहून टाकावे?

समलिंगी विद्यार्थ्यांच्या छळाचा प्रश्न आपल्याकडे चर्चेला येतो तेव्हा तो बहुधा सहानुभूतीच्या अंगाने येतो. मुलांना समजून घ्या, प्रेमाने वागा, असे सांगितले जाते. ते चुकीचे नाही, पण त्याने शाळेचे कामकाज बदलत नाही. छळ थांबवण्याची आपली सगळी यंत्रणा पीडित मुलाने पुढे येऊन बोलण्यावर उभी आहे, आणि या मुलांच्या बाबतीत बोलणे म्हणजेच स्वतःची ओळख उघड करणे ठरते. त्यामुळे यंत्रणा कितीही सद्‌हेतूने उभारलेली असली, तरी तिचे दार त्यांच्यासाठी बंदच राहते. शाळेने या छळाविरुद्ध जी काही कारवाई करायची, ती मुलगा कोण आहे हे त्याला न विचारता करता आली पाहिजे आणि तिची सुरुवात मुलाच्या तक्रारीची वाट न पाहता शिक्षकाच्या डोळ्यांनी आणि कानांनी झाली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

हा छळ आपल्या भागात कसा चालतो, हे शाळेत वावरलेल्या कोणालाही ठाऊक असते. ‘बायल्या’, ‘छक्का’, ‘मावशी’ हे शब्द मैदानात, एसटीच्या मागच्या सीटवर, वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणि कधीकधी खुद्द शिक्षकांच्या तोंडीही असतात. कवायतीत हात नीट ताठ झाला नाही की, ‘बांगड्या भरल्यात का?’ असे पी.टी.चे सर विचारतात, वर्ग हसतो आणि त्या हसण्याने पुढच्या आठवड्याभरासाठी मुलांना परवाना मिळतो. कबड्डीचा संघ निवडताना एकाला शेवटपर्यंत उभे ठेवले जाते. स्नेहसंमेलनात साडी नेसून नाचण्याची गळ त्यालाच घातली जाते, तो नाचला की टाळ्या पडतात आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच नाचावरून त्याचे जगणे नकोसे केले जाते. तमाशातल्या नाच्याला डोक्यावर घेऊन घरातल्या तशा मुलाला झोडपण्याची आपली जुनी सवय शाळेत अशी शिकवली जाते.

यातली सर्वांत बोलकी खूण मला मुतारीपाशी दिसली आहे. माध्यमिक शाळेत शिकवत असताना काही मुले मधल्या सुट्टीत लघवीला जातच नाहीत आणि पुढचा तास सुरू झाला की दहा मिनिटांत परवानगी मागतात, असे ध्यानात येत असे. ‘सुट्टीत काय झोपला होतास?’ हा आपला ठरलेला प्रश्न. सुट्टीत मुतारी ही मोठ्या मुलांची जागा असते. तिथे दार नसते, शिक्षक नसतात, कॅमेरा अर्थातच नसतो, आणि ढकलणे, चड्डी ओढणे, ‘दाखव बघू, मुलगा आहेस का’ म्हणणे हे सारे तिथेच होते. म्हणून ही मुले पाणी पीत नाहीत आणि शाळा सुटेपर्यंत कळ काढतात. पी.टी.च्या तासाला पोट दुखणे, शाळा सुटल्यावर नेहमीची एसटी सोडून पुढच्या गाडीची वाट पाहणे, सहलीच्या दिवशी नेमके आजारी पडणे, याही तशाच खुणा आहेत. यांपैकी एकही ओळखण्यासाठी मुलाला त्याच्या मनातले विचारावे लागत नाही. हजेरीपट आणि वेळापत्रक समोर ठेवून वर्गशिक्षकाने आठवडाभर लक्ष दिले, तरी पुरे.

ओळखीवरून शाळेत अपमान होणे सातारकरांना नवे नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या राजवाड्यातील शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भीमराव आंबेडकरांचा प्रवेश झाला, आणि २०१७ पासून तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळकरी वयात घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपाई नसेल त्या दिवशी पाणीही मिळत नसे, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्या अपमानाची बरोबरी आजच्या कशाशीही करण्याचा माझा हेतू नाही. पण त्या इतिहासातून एक फरक स्पष्ट होतो आणि माझा सारा युक्तिवाद त्या फरकावर आधारलेला आहे. जातीवरून ज्याला हिणवले जाते तो मुलगा संध्याकाळी ज्या घरी परततो, त्या घराने तोच अपमान सोसलेला असतो. त्याचे वडील रागावतात ते शाळेवर. समलिंगी मुलाला हे घर नसते. शाळेत ज्या कारणावरून मार खाल्ला, तेच कारण त्याला आईवडिलांपासून, भावापासून, चुलत्यापासूनही लपवायचे असते. त्याचा समाज त्याच्या घरात नसतो, गल्लीत नसतो, भावकीत तर नसतोच. चिडवण्याविषयीचे सर्वसाधारण नियम त्याला पुरे पडत नाहीत, त्याचे कारण हेच आहे.

आपल्या शाळांकडे छळावर एकच हुकमी उपाय असतो, तो म्हणजे ‘उद्या पालकांना घेऊन ये’. दोन्ही पोरांचे पालक कार्यालयात येतात, मुख्याध्यापक दोघांनाही समज देतात, चहा होतो. या मुलाच्या बाबतीत हाच उपाय घात करतो. मारणाऱ्याचा बाप विचारतो, ‘पण माझ्या पोराने ह्याला तसे का म्हटले, ते तरी विचारा की!’ आणि मार खाणाऱ्याचा बाप मान खाली घालून घरी जातो. पुढे काय होते ते वेगळे सांगायला नको. शहरात निदान अनोळखीपणाचा आडोसा असतो. कडेगाव, खटाव किंवा शिराळ्यातल्या गावात शिक्षक पाहुण्यातला निघतो, लिपिक शेजारच्या वाडीचा असतो आणि कार्यालयातली गोष्ट संध्याकाळी दूध डेअरीच्या रांगेत पोहोचलेली असते. मग कोणी मुलाला देवऋषाकडे नेतो, कोणी ‘इलाज’ करणाऱ्या डॉक्टरचा पत्ता काढतो. ज्या साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये राज्याला जादूटोणाविरोधी कायदा मिळाला, त्याच जिल्ह्यात हे घडावे, याचा खेद वाटतो. समलैंगिकता हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच तिला आजारांच्या यादीतून वगळले आणि असा ‘इलाज’ करणे हे डॉक्टरांच्या बाबतीत व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले.

मुलींच्या बाबतीत घरी कळवण्याची किंमत आणखी मोठी असते आणि ती जवळजवळ अदृश्य राहते. मुलींचा छळ मारहाणीच्या रूपात क्वचितच दिसतो. केस आखूड ठेवणाऱ्या, कुस्ती किंवा कबड्डी खेळणाऱ्या मुलीला ‘गडी’ म्हणून हाक मारली जाते, तिच्याशेजारी बसणारीला इतर मुली बाजूला घेऊन समजावतात, दोघी सतत एकत्र दिसू लागल्या की बाक बदलले जातात. मग एखाद्या बाई काळजीपोटीच तिच्या आईच्या कानावर घालतात. त्या काळजीचा परिणाम असा की, दहावीनंतर बारावीसाठी तालुक्याला जायचे ठरलेले असते ते रद्द होते, मोबाइल काढून घेतला जातो आणि स्थळे पाहणे सुरू होते. शाळेच्या दप्तरी एवढीच नोंद होते की, विद्यार्थिनीने दाखला नेला. मुलाला छळ चुकवण्यासाठी शाळा सोडावीशी वाटते, तर मुलीला शाळेतून काढले जाते आणि त्याला कोणी छळ म्हणतही नाही. मुलींच्या गळतीची कारणे शोधणाऱ्या आपल्या तपासण्यांत अंतर, शौचालय, लग्न असे रकाने असतात. त्या लग्नाची घाई कशाने झाली, याला रकाना नसतो.

कायद्याची स्थिती विचित्र आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ च्या कक्षेतून बाहेर काढले. त्याच्याही आधी, २०१६ मध्ये, विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगविषयक नियमांत दुरुस्ती करून जात, धर्म, रंग, भाषा यांच्या जोडीला लैंगिक कलावरून होणारा छळ आणि बहिष्कार यांनाही नाव घेऊन रॅगिंग ठरवले. म्हणजे महाविद्यालयातील अठरा वर्षांच्या मुलाला हा आधार आहे. आठवीतल्या मुलाला शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ आहे; त्यात शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई आहे. पण तो कायदा सहा ते चौदा वयासाठी आहे आणि त्या कलमाचा रोख शिस्तभंगाच्या कारवाईवर, म्हणजे कर्मचाऱ्यांवर आहे. एका मुलाने दुसऱ्याला छळले तर काय, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. मधल्या नववी-दहावीच्या मुलाला मात्र पुरेसा आधार कुठूनच मिळत नाही. नेमक्या याच वयात छळ तीव्र असतो.

ही पोकळी भरण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयानेच दाखवला आहे. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात २५ जुलै २०२५ रोजी, सुकदेव साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात, न्यायालयाने देशातील सर्व शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक आदेश दिले आणि कायदा होईपर्यंत ते बंधनकारक ठरवले. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक जोडणी ठेवावी. अध्यापक आणि इतर कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण वर्षातून किमान दोनदा व्हावे. आणि जात, वर्ग, लिंग, लैंगिक कल, अपंगत्व, धर्म या कारणांवरून होणाऱ्या छळाची दाद मागण्यासाठी गोपनीय व्यवस्था असावी, असे त्यात म्हटले आहे. आपल्याकडील संस्थाचालकांच्या सभांत हा आदेश किती वाचला गेला असेल, याविषयी मला दाट शंका आहे. कॅमेऱ्यांच्या निविदा मात्र तातडीने निघाल्या.

‘गोपनीय’ म्हटले की सगळे साधते, असेही नाही. युनेस्कोने २०१९ मध्ये तमिळनाडूतील लैंगिक अल्पसंख्य तरुणांच्या शालेय अनुभवांचा एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात सुमारे ६० टक्के जणांनी माध्यमिक टप्प्यावर शारीरिक छळ झाल्याचे सांगितले, तर छळ सोसलेल्यांपैकी १८ टक्क्यांनीच शाळेकडे तक्रार केली होती. हा नमुना समुदायात काम करणाऱ्या संस्थेच्या मदतीने गाठलेला होता, त्यामुळे तो सबंध राज्याचे चित्र म्हणून वाचू नये. तरीही छळ झालेल्या दर पाचांपैकी चौघांहून अधिक जण शाळेच्या दारापर्यंत जातच नाहीत, हे लक्षात घेतले, तर केवळ पेटी अधिक गुप्त करून किंवा तिची जागा बदलून भागणार नाही, हे उघड आहे. तक्रार येण्याची वाट पाहणारी शाळा ज्यांच्याविषयी कधीच काही कळणार नाही, त्या मुलांची संख्या मोठी आहे.

म्हणून शाळेच्या नियमावलीत तीन-चार साधी वाक्ये हवीत. कोणत्याही विद्यार्थ्याला त्याच्या खऱ्या किंवा समजल्या गेलेल्या लैंगिक कलावरून, चालण्याबोलण्यावरून हिणवणे, मारणे, वाळीत टाकणे हे गैरवर्तन आहे, हे नाव घेऊन लिहिलेले असावे. ‘समजल्या गेलेल्या’ हे शब्द त्यात अत्यावश्यक आहेत, कारण त्यांच्यामुळे मुलगा खरोखर समलिंगी आहे का, हा प्रश्नच कार्यालयात उपस्थित होत नाही. चौकशी होते ती चिडवणाऱ्याने काय केले, याची. असे शब्द कानावर पडताच शिक्षकाने तिथल्या तिथे थांबवावे आणि त्याच दिवशी नोंद करावी. नोंदीत करणाऱ्याचे नाव, जागा, वेळ आणि कृत्य असावे, आणि ज्याच्यावर ते ओढवले त्याच्याविषयी कसलाही निष्कर्ष नसावा. पालकांना बोलवायचे झाले, तर छळणाऱ्याच्या पालकांना बोलवावे. सोसणाऱ्याच्या घरी काय कळवायचे, हे आधी त्याला विचारून ठरवावे. जिवाला धोका दिसत असेल, तेव्हा घरी कळवणे टाळता येत नाही. पण तेव्हाही मूल संकटात आहे, इतकेच सांगून भागते, त्याचे कारण जाहीर करण्याची गरज नसते.

याला हरकत घेणारे बरेच आहेत आणि त्यांतले सगळेच वाईट मनाचे नाहीत. पालकांपासून काही लपवणे शिक्षकाला शोभत नाही, असे एका ज्येष्ठ मुख्याध्यापकांनी मला सांगितले. त्यांचा सचोटीचा आग्रह मला समजतो. पण शाळा पालकांपासून पुष्कळ काही राखून ठेवतेच. मुलाने निबंधात वडिलांच्या दारूविषयी लिहिले, तर कोणताही शहाणा शिक्षक ती वही वडिलांना नेऊन दाखवत नाही. पुष्कळ शिक्षकांना पोक्सोची, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याची, धास्ती असते, आणि त्या कायद्यानुसार अठराखालील मुलावर लैंगिक गुन्हा घडल्याचे कळल्यास पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, हे खरेच आहे. तथापि, ‘मला मुलगे आवडतात’ असे मुलाने सांगणे हा गुन्हाही नाही आणि गुन्ह्याची माहितीही नाही; उलट मुतारीत त्याच्याशी होणारा ओंगळ प्रकार मात्र त्या कायद्याखाली येऊ शकतो. आज शाळा पहिल्याला घाबरते आणि दुसऱ्याकडे ‘पोरांची मस्करी’ म्हणून काणाडोळा करते.

‘एवढ्याशा पोरांना कसले आलेय लैंगिक कल’ ही तिसरी हरकत. मी म्हणतो, नसेलही कळत. पण त्यांना छळणाऱ्यांना ते कळल्यासारखे वाटते, आणि मार त्या वाटण्याने बसतो. वर्गात हिणवला जाणारा प्रत्येक मुलगा समलिंगी नसतो, आणि ज्या समलिंगी मुलाचे वागणे चारचौघांसारखे असते, तो दुसऱ्याला पडणारा मार पाहून गप्प राहायला शिकतो. कधीकधी तोच मारणाऱ्यांत सामील होतो.

‘ही पुण्या-मुंबईची थेरं’ ही हरकत खरे तर उत्तर देण्याच्या लायकीची नाही, पण ती सर्वाधिक ऐकू येते. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून चालवलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात मराठी वाचक आपले लैंगिक प्रश्न पत्रांनी विचारत आणि कर्वे छापील उत्तरे देत. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. म्हणजे हे प्रश्न मराठीत विचारले जाऊन शंभर वर्षे होत आली. आपल्या भागापुरते सांगायचे, तर सांगलीत ‘संग्राम’ आणि ‘वॅम्प’ या संस्थांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेचे काम गेली तीन दशके उभे केले आहे. लाजेखातर ज्यांच्याविषयी कोणी बोलत नव्हते, त्यांच्या हक्कांची भाषा सांगलीनेच महाराष्ट्राला ऐकवली.

शिक्षकांवर आधीच निवडणुका, सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरण्याचे ओझे आहे, ही हरकत मात्र मला पूर्ण मान्य आहे. त्यात आणखी एका प्रशिक्षणाची भर घातली, तर ते चहा-बिस्किटांत आणि सहीच्या कागदावर उरकले जाईल. शिवाय अशा साहित्याला राजकीय पाठबळही नसते. एनसीईआरटीने २०२१ मध्ये तृतीयपंथी मुलांच्या समावेशाविषयी शिक्षकांसाठी पुस्तिका तयार केली आणि आरडाओरडा होताच ती संकेतस्थळावरून काढून घेतली. त्यामुळे वरून येणाऱ्या सुंदर पुस्तिकेची वाट पाहण्यात अर्थ नाही. दर महिन्याच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत अर्धा तास या एका विषयाला दिला आणि आपल्या शाळेत हे शब्द कोण, कुठे, कोणत्या वेळी वापरते, एवढेच शिक्षकांनी एकमेकांना सांगितले, तरी पुस्तिकेपेक्षा अधिक हाती लागेल.

समुपदेशकाचा प्रश्न पैशाचा आहे. जत, आटपाडी, माण किंवा पाटणच्या डोंगरी शाळांत पूर्णवेळ समुपदेशक येणार नाही, हे मान्य करून चालावे. पण चार-पाच शाळांनी मिळून एक नेमणे, मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाशी लेखी जोडणी करणे आणि बालकांसाठीचा १०९८ व मानसिक आरोग्यासाठीचा १४४१६ हे मदतीचे क्रमांक मुख्याध्यापकांच्या दालनाऐवजी मुतारीच्या आणि मुलींच्या स्वच्छतागृहाच्या आतल्या भिंतीवर रंगवून घेणे, यांना फारसा खर्च येत नाही. आत रंगवले म्हणजे क्रमांक उतरवून घेताना कोणी पाहत नाही.

सुरुवात कुठून करायची, तर वसतिगृहांपासून. शिक्षण वसतिगृहांतून खेड्यापाड्यांत नेण्याची परंपरा सातारा जिल्ह्यातलीच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीत जेवतील असे वसतिगृह काढले. ते करताना त्यांनी गावाची परवानगी मागितली नव्हती आणि पालक काय म्हणतील याचा घोळही घातला नव्हता. आज दोन्ही जिल्ह्यांत शासकीय, खासगी आणि अकादमींच्या नावाने चालणारी किती तरी वसतिगृहे आहेत. तिथे छळणारे आणि छळला जाणारा रात्रीही एकाच खोलीत असतात, अधीक्षक अनेकदा एकटा असतो आणि रात्री दहानंतर त्याचे दार बंद होते. खोली बदलून हवी, असे सांगणाऱ्या मुलाला कारण न विचारता दोन दिवसांत खोली बदलून मिळावी, एवढा एक नियम प्रत्येक वसतिगृहाने येत्या जूनपूर्वी फलकावर लावावा. त्यासाठी शासन निर्णयाची गरज नाही, अधीक्षकाची सही पुरते.